कारणाचा रकाना

सालातिगा,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय पालुपी,

अस्सलामु अलैकुम, आणि अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. इथं सगळे ठीक आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. फोनवर दोन ओळी टाकता आल्या असत्या हे मलाही कळतं. पण त्या पडद्यावर माझं बोट एकीकडे पडतं आणि अक्षर दुसरीकडे उमटतं, शिवाय आज जे लिहायचं आहे ते अंगठ्यानं लिहिण्यातलं नाही.

माझ्या बायकोची, म्हणजे तुझ्या बू लास्मीची, तब्येत उत्तम. तिची साखर आटोक्यात आहे, जीभ नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलं तर तिनं तिखट दुप्पट केलं. परवा तिनं केलेला मिरचीचा ठेचा खाऊन आमचे जावईबापू अंगणात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मेर्बाबूचा डोंगर आज किती स्वच्छ दिसतोय!" डोंगरावर ढग होता. जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण जगाला अजून माझी गरज आहे असं माझी ईमेल सांगते. रोज तीन-चार जर्नलं मला 'परमश्रद्धेय प्राध्यापक महोदय' म्हणून हाक मारतात. कधी नाव ऐकलं नाही अशी. तुमचा निबंध पाठवा, आम्ही पाच दिवसांत छापतो. विषय कोणताही चालेल. काल एकानं मला दातांच्या मुळांवर लिहायला बोलावलं. बू लास्मी म्हणाली, "लिहा की! आता उरलेत किती ते तरी मोजून होतील." सख्ख्या मुलानं इतक्या प्रेमानं कधी पत्र लिहिलं नाही, जितकं हे ठग लिहितात.

तुझी पूर्ण प्राध्यापकपदाची फाइल वर गेल्याचं कळलं. कुपांगला एवढ्या लांब गेलीस, समुद्रापलीकडे, तेव्हा मला वाटलं होतं की वर्षभरात परत येशील. तू तिथं प्रयोगशाळा उभी केलीस. अभिमान वाटतो. हे मी तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवतो.

मी आपल्या जर्नलच्या नीती समितीवर होतो ना, ती मागच्या महिन्यात सोडली. गुडघे दुखतात.

आता मुद्द्यावर येतो. चहा दोनदा करून झाला, पेनात शाई भरून झाली, आता टाळायला काही उरलं नाही.

वारूच्या झाडाच्या पानांवरच्या विरजणाचा तो निबंध. २०१० सालचा. 'आपला' निबंध असंच मी चौदा वर्षं म्हणत आलो. परवा मी तो पुन्हा वाचला आणि प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलीनं लिहीत गेलो, की हे काम कोणी केलं. सातिनेम आजी सोयाबीन आंबवून टेंपेच्या वड्या करायच्या, त्या भट्टीवर दोन वर्षं उजाडायच्या आत कोण जायचं? पालुपी. शिजवलेलं सोयाबीन कुठल्या पानात किती तासांत आंबतं, हे कोणी नोंदवलं? पालुपी. अकराशे पानं भिंगाखाली धरून, त्यांच्या मागच्या लवेत बुरशी किती दिवस जिवंत राहते हे कोणी मोजलं? पालुपी. त्या लवेमुळंच आजींचं विरजण बाजारातल्या पुडीपेक्षा जास्त टिकतं, ही गोष्ट सुचली कोणाला? तीही तुलाच. मी भट्टीवर दोनदा आलो होतो. एकदा फोटोग्राफर घेऊन, आणि एकदा तळलेले टेंपे खायला. माझ्या नावापुढं पेन्सिलीनं लिहिण्यासारखं मला एवढंच सापडलं की इंग्रजी मी सुधारलं, आणि एक तक्ता आडवा होता तो उभा केला.

आणि निबंधावर पहिलं नाव माझं.

तुला नियम सांगायला नको. पहिल्या नावाला शंभरातले साठ गुण, बाकीच्या सगळ्यांना मिळून चाळीस. त्या साठ गुणांनी माझी फाइल पुरी झाली आणि मी पूर्ण प्राध्यापक झालो. तुझी बढती त्यामुळं चार वर्षं लांबली. तू कुपांगला गेलीस ती हौसेनं गेली नव्हतीस, हे मला तेव्हाच समजलं होतं. समजून न समजल्यासारखं केलं.

माझ्या सत्काराला आपल्या रीतीप्रमाणं पिवळ्या भाताचा डोंगर रचला होता, आठवतं? त्याचं टोक कापून मानाच्या माणसाला द्यायचं. कुलगुरू ताट घेऊन तयार बसले होते. मी ते टोक तुझ्या ताटात घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोक म्हणाले, काय हे गुरुशिष्याचं प्रेम! मलाही तेव्हा वाटलं की फिटलं. मुठीएवढ्या भातात मी तुझी दोन वर्षं फेडली.

आपल्याकडे वडलांनाही 'पाक' म्हणतात आणि गुरूलाही 'पाक', जसं आईलाही 'बू' आणि शिकवणाऱ्या बाईंनाही 'बू'. बाप म्हटलं की पोर जाब विचारत नाही, आणि आम्ही गुरुलोक त्याच एका शब्दावर पोट भरतो. खरं तर ती त्या काळची पद्धतच होती. सगळेच करायचे. कोणी त्यावर बोलत नसे. तूही कधी विचारलं नाहीस.

मी जर्नलला लिहिलं आहे. लेखकांचा क्रम बदलायचा असेल तर एक अर्ज भरावा लागतो, त्यावर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात, शाईच्या. सोबत जोडला आहे. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. 'बदलाचे कारण' असा एक रकाना आहे, त्यात मी 'अनवधानाने झालेली चूक' असं लिहिलं आहे. खाली माझी सही आहे, तू तुझी कर आणि पाठवून दे. माझं पद पुन्हा तपासतील कदाचित. तपासू देत. निवृत्त माणसाचं पद म्हणजे दारावरची पाटी. काढली तर भिंत जरा मोकळी दिसेल.

बू लास्मीला हे सांगायला मी तीन दिवस घेतले. ती मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी सगळं सांगितलं. मान वर न करता ती म्हणाली, "चौदा वर्षं लागली होय?"

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"नाव कुणाचं कुठं ते मला काय कळतंय. पण ती पोर दर गुरुवारी आपल्याकडं जेवायला यायची. त्या सत्कारानंतर एकदाही आली नाही. मी दोन गुरुवार फणसाची भाजी करून वाट बघितली. मग समजले, की माझ्या भाजीत नाही, घरातच काहीतरी खारट झालंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही प्राध्यापक. मी वाट बघत होते, की तुम्हाला कळेल."

आत्ताच का, असं तू विचारशील. ते सांगता येणार नाही. विचारू नकोस. गुडघ्यांचं मात्र खरं नाही, तेवढं सांगतो.

तुझा,
पाक विडाग्दो

⁂

कुपांग,
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय पाक,

सप्रेम नमस्कार. बू लास्मींना माझा सलाम सांगा.

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर दिलं नाही, कारण द्यायचं नव्हतं. खोटं कशाला लिहू? पत्र वाचून आधी मी रडले, मग मला राग आला, मग राग आला याचा राग आला. चौदा वर्षं मी मनाला शिकवलं होतं, की पाक विसरले असतील, त्यांना जाणीवच नसेल, मोठी माणसं भोळी असतात. आणि तुम्ही लिहिलंत की तुम्हाला तेव्हाच समजलं होतं. माझा एवढाच एक आधार होता, पाक. तोही काढून घेतलात.

अर्ज मी पुस्तकाखाली सरकवून ठेवला. ठरवलं, सही करायची नाही. मला वाटलं, तुम्ही म्हातारपणी मन हलकं करायला निघालात आणि ओझं उचलायला पुन्हा मलाच बोलावलंत.

आणि चौथ्या दिवशी जर्नलच्या नीती समितीचं पत्र आलं. माझ्याविरुद्ध तक्रार. तारीख बघितली. तुम्ही समिती सोडलीत त्याच महिन्यात ती दाखल झाली आहे. तेव्हा तुमच्या गुडघ्यांचं दुखणं समजलं.

तुम्ही ती फाइल उघडलीत, माझं नाव वाचलंत, आणि बंद केलीत. हो ना?

तक्रार मार्गारेताची आहे. मार्गारेता सेरान, माझी विद्यार्थिनी. चौतीस वर्षांची आहे, दोन मुलांची आई, सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारी माझ्या प्रयोगशाळेत येते. ताडाच्या रसाचा सिरका कसा टिकवायचा यावर तिनं तीन वर्षं काम केलं. तिचे वडील आणि भाऊ ताडावर चढतात. रस उतरवल्या उतरवल्या त्याची आंबट चव मोजायची, म्हणून ती ताडाखाली उभी राहायची, डोक्यावर टोपली आणि हातात यंत्र. तिचं काम मी वाचलं, सुधारलं, दोन प्रयोग पुन्हा करायला लावले. मग निबंध जर्नलला पाठवायची वेळ आली, आणि माझ्या फाइलला नेमके साठ गुण कमी होते.

पाक, मी तुम्हाला दोष देत नाही. आडात होतं तेच पोहोऱ्यात आलं, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पोहोरा मी होते. दोर माझ्या हातात होता.

ती दाराशी आली होती, कागद घेऊन. म्हणाली, "बू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"यात माझं नाव आधी नसतं का?"

मी हसले. म्हटलं, "पद्धतच आहे, मार्गारेता."

ती म्हणाली, "असं होय," आणि कागद घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं संमतीच्या अर्जावर सही करून दिली आणि सोबत वडलांनी पाठवलेली सोललेल्या मक्याची पिशवीही. मी तो मका उकडून खाल्ला. छान शिजला होता.

समितीचं पत्र आल्यावर मी तिच्या घरी गेले. उन्हानं इथं सध्या डांबर मऊ पडतंय. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून उभी राहिली, हाताला राख तशीच. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बू, मी तक्रार मागं घेणार नाही. तुम्ही मला प्रयोगशाळेतून काढलंत तरी. भाऊ म्हणतो, ताडावरून पडलो तो मी, रस उतरवला तो मी, आणि नाव तिसरंच? मी त्याला काय सांगू, पद्धत आहे म्हणून?"

मी म्हटलं, "मागं घेऊ नकोस म्हणून सांगायला आलेय."

तिनं हाताची राख झटकली. मग म्हणाली, "मग बसा तरी. मी तर भांडायच्या तयारीनं काल रात्रीपासून वाक्यं पाठ केलीत. आता त्यांचं काय करू?"

"म्हण की. मी ऐकते."

तिनं म्हटली, पाक. सगळी. मी ऐकली. अर्ध्यात तिची आई येऊन म्हणाली, "अगं, बाईंना पाणी तरी दे, मग बोल!" तर ही म्हणते, "थांब आई, अजून दोन राहिलीत."

मी समितीला लिहिलं आहे की तक्रार खरी आहे. पहिलं नाव मार्गारेताचं. माझं शेवटी राहू दे, कारण तीन मसुदे मी वाचले आहेत, असं तीच म्हणाली. माझी फाइल मी परत घेतली. माझ्या शिक्षेचं समिती ठरवेल. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की बरं झालं, गेले सहा महिने तू झोपेत गुण मोजत होतीस.

तिच्या घरून आले आणि तुमचा अर्ज पुस्तकाखालून काढला. सही केली आहे.

पण तुम्ही कारणाच्या रकान्यात लिहिलेलं मी खोडलं. अनवधान नव्हतं ते. जन्मभर तुम्ही आम्हाला शिकवलंत, की आकडा जुळत नसेल तर नाही जुळत असं लिहा, गुळगुळीत करू नका. म्हणून मी त्या जागी लिहिलं आहे: 'पहिले लेखक गुरू होते. विद्यार्थिनी भिडेपोटी नाही म्हणू शकली नाही.' आईकडं म्हणायचे, भीड भिकेची बहीण. आता कळतं.

तुम्ही लिहिलंत की मी कधी विचारलं नाही. असू दे.

वरच्या बदलाखाली तुमची पुन्हा सही लागेल. करवत असेल तर करून पुढं पाठवा. करवत नसेल तर अर्ज तुमच्याकडंच राहू दे, मी तुम्हाला परत विचारणार नाही, आणि माझी माया कमी होणार नाही. रागही लगेच जाणार नाही. दोन्ही एका घरात राहतील, बहुतेक घरांत राहतात तसे.

बू लास्मींना सांगा, भाजीत काही नव्हतं.

तुमची,
पालुपी

⁂

सालातिगा,
१४ ऑक्टोबर २०२४

पालुपी,

तुझं पत्र मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचवलं नाही. बू लास्मीनं मात्र दोनदा वाचलं आणि शेवटची ओळ वाचून ओढणीनं चष्मा पुसत आत गेली. रात्री जेवताना म्हणाली, "तिला लिहा, फणस आत्ता कोवळा आहे." म्हणून लिहिलं.

हो, मी ती फाइल उघडली होती. तक्रार करणाऱ्याचं नाव झाकलेलं होतं, तुझं नव्हतं. मला त्याबद्दल तुला एक अक्षर सांगायची मुभा नव्हती, आणि सांगितलं असतं तर त्या अनोळखी मुलीवर अन्याय झाला असता. मला सांगता येण्यासारखा एकच गुन्हा होता, माझा. तो सांगितला, तोही निम्माच.

'असू दे' असं तू लिहिलंस. नाही असू द्यायचं, पोरी.

तू विचारलं होतंस. मला तारीख आठवत नाही, पण दुपार होती आणि विभागात रंगकाम चाललं होतं, सगळ्यांना वास लागून शिंका येत होत्या. तू मसुदा घेऊन आलीस. त्यावर तूच तुझं नाव आधी घातलं होतंस आणि माझं नंतर. मी लाल पेनानं एक बाण काढला, खालचं वर आणि वरचं खाली. तू बाणावर बोट ठेवलंस. मग म्हणालीस, "पाक, असं करायचं असतं का?" तुझा आवाज इतका हळू होता की मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय होती. मी ती सोय घेतली नाही. मी हसलो आणि म्हणालो, "पद्धतच आहे, पालुपी."

तेच वाक्य. तसंच हसून. तुझ्या पत्रात ते मार्गारेताला म्हटलेलं वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. ते वाक्य तुझं नाही गं. ते मी तुला दिलेलं आहे. टेंपेचं शास्त्र तू सातिनेम आजींकडून शिकलीस, मोजायला भिंगाकडून शिकलीस, आणि माझ्याकडून एवढं एक वाक्य. तू ते जपून समुद्रापलीकडं नेलंस. तिथं तू ते मोडलंस, हे मात्र माझ्याकडून शिकलेलं नाही. ते तुझं स्वतःचं आहे, आणि मला वाटतं थोडं मार्गारेताचं.

तर अर्जाचं असं झालं, की तू रकान्यात लिहिलंस ते वाचून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि म्हणूनच संशय आला. 'विद्यार्थिनी भिडेपोटी नाही म्हणू शकली नाही.' म्हणजे भीड तुझी, गप्प बसलीस तू, आणि मी नुसता उभा होतो. शेवटपर्यंत मला सांभाळून घेतलंस. मी ते वाक्य खोडलं. बू लास्मी म्हणाली, "त्या कागदावर आता शाईपेक्षा खोडाखोड जास्त झालीये, घेतील का ते?" नाही घेतलं, किंवा तुझी पुन्हा सही मागितली, तर दुसरा भरू.

आता रकान्यात असं आहे, माझ्या अक्षरात:

'काम विद्यार्थिनीचे होते. तिने विचारले होते. मी ऐकले होते.'

खाली सही केली आणि आज सकाळी जर्नलच्या पत्त्यावर स्वतः टपालात टाकला. पोस्टातल्या मुलीनं विचारलं, "आत काय आहे, आजोबा?" मी म्हटलं, "एक निबंध आहे. माझ्या शिक्षिकेचा." ती म्हणाली, "या वयात अजून शिकताय?" मी म्हटलं, उशिरा नाव घातलं.

कोवळा फणस महिनाभर राहील. राग घेऊनच ये. गुरुवारच पाहिजे असं नाही.

तुझ्या निबंधातलं दुसरं नाव,
विडाग्दो